जगबुडीची तारीख चुकली की मंडळीतून बाहेर कोण जातं?

रानजाई (धागाकर्ती)

२०२५ च्या सप्टेंबरात भाचीने जेवता जेवता मोबाईल पुढे केला. दक्षिण आफ्रिकेतले जोशुआ म्हलाकेला नावाचे गृहस्थ शांत आवाजात सांगत होते की २३ आणि २४ तारखेला प्रभू आपल्या लोकांना वर उचलून नेणार. टिकटॉकवरचं ते वादळ इन्स्टाग्रामवरून आमच्या ताटापर्यंत आलं होतं. भाची म्हणाली, "आत्या, २५ ला माझी टेस्ट आहे, करू का अभ्यास?" म्हटलं कर. टेस्ट झाली.

मी ख्रिस्ती घरातली, नगर जिल्ह्यातली. "प्रभू लवकर येणार आहे" हे वाक्य आमच्याकडे "बसा, चहा घ्या"इतकं सवयीचं. पण कोणी त्याला तारीख जोडली की मला हसू येत नाही, पोटात कालवतं. का ते पुढे कधीतरी.

फसलेल्या तारखांची यादी मला करायची नाही, ती ढिगाने मिळते. मला दुसऱ्या दिवसाबद्दल बोलायचंय. सूर्य नेहमीसारखा उगवला, दूधवाला आला. मग नेता काय म्हणाला? आणि मंडळीतून (म्हणजे चर्चमधून) बाहेर कोण गेलं?

विल्यम मिलरपासून सुरू करते, कारण या सगळ्या रांगेत मला तो त्यातल्या त्यात सरळ वाटतो. न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा शेतकरी, १८१२ च्या युद्धात लढलेला, बॅप्टिस्ट पंथाचा. बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकात ८ व्या अध्यायात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. मिलरने एका दिवसाचं एक वर्ष धरलं, इ.स.पू. ४५७ पासून मोजलं आणि १८४३ ला पोचला. मग लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मधे शून्य साल नाही. म्हणजे १८४४. नेमका दिवस सांगायला तो तयार नव्हता. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ एवढंच म्हणायचा. ती मुदत टळली. ऑगस्टमध्ये एक्झेटरच्या तंबूसभेत सॅम्युएल स्नो या दुसऱ्याच प्रचारकाने दिवस काढून दिला: २२ ऑक्टोबर १८४४. लाट अशी उसळली की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिलरही तिच्यात ओढला गेला. अनुयायी ५० हजार ते १ लाख असावेत असा अंदाज आहे. कित्येकांनी पिकं शेतात तशीच ठेवली, कारण कापणी केली तर विश्वास कुठे राहिला? (पांढरे झगे घालून लोक छपरांवर चढले ही गोष्ट मात्र बहुधा टवाळांची.)

२३ च्या पहाटेबद्दल मिलरच्या हायरम एडसन या अनुयायाने लिहून ठेवलंय की उजाडेपर्यंत आम्ही नुसते रडत होतो. मिलरने नंतर चूक कबूल केली, निराशा कबूल केली; वर असंही म्हणाला की प्रभूचा दिवस जवळ आहे, अगदी दाराशी आहे. अर्धी कबुली म्हणा हवं तर. पण "तुम्हीच नीट समजून घेतलं नाही" असं त्याने लोकांना सुनावलं नाही. बक्षीस काय मिळालं? १८४५ मध्ये गावच्या बॅप्टिस्ट मंडळीने त्याचं नाव काढून टाकलं.

एडसनचं पुढे ऐका. त्याच सकाळी मक्याच्या शेतातून जाताना त्याला उमगलं की तारीख बरोबर होती, घटना ओळखण्यात चूक झाली. ख्रिस्त त्या दिवशी पृथ्वीवर यायचा नव्हता, स्वर्गातल्या पवित्रस्थानाच्या आतल्या भागात जायचा होता. आणि तो गेला. आता तिथे पंचनामा करायला कोण जाणार? त्या शेतातूनच पुढे सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला, रीतसर स्थापना १८६३. पुण्यात औंध रोडला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे, सॅलिस्बरी पार्कात त्यांचं छापखाना-प्रकाशन, त्यांची मुळं शोधत गेलात तर त्या मक्यात पोचाल. न्यायाने हेही सांगते की हा पंथ पुढे तारखा काढण्याच्या भानगडीत पडला नाही.

यहोवाचे साक्षीदार या दुसऱ्या पंथाकडे कारभार जास्त पद्धतशीर. संस्थापक चार्ल्स टेझ रसेलने यरुशलेमच्या पाडावाचं साल इ.स.पू. ६०६ धरलं आणि त्यात २५२० वर्षं मिळवून १९१४ काढलं. त्या साली शेवट होणार होता. झालं महायुद्ध सुरू. मग १९१४ ला ख्रिस्ताचं अदृश्य राज्य स्वर्गात सुरू झालं असं ठरलं. १९४० च्या दशकात शून्य साल नसल्याचं यांच्याही ध्यानात आलं. तुम्ही-आम्ही उत्तर एका वर्षाने पुढे नेलं असतं. त्यांनी सुरुवात मागे नेली, ६०६ चं ६०७ केलं. १९१४ जागच्या जागी. (इतिहासकार यरुशलेमचा पाडाव इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ चा धरतात, ते वेगळंच.)

रसेलनंतरचे अध्यक्ष रदरफोर्ड यांनी १९२५ साल दिलं: अब्राहाम, इसहाक, याकोब पुन्हा जिवंत होऊन येतील. १९२५ च्या स्मारकविधीला (ख्रिस्ताच्या मृत्यूच्या स्मरणाची त्यांची वार्षिक सभा) जगभरात ९० हजारांवर लोक होते, १९२८ ला १७ हजार. १९२९ मध्ये सॅन डिएगोला दहा बेडरूमचा बंगला बांधला गेला, बेथ सारीम, त्या पूर्वजांच्या नावाने. पूर्वज आले नाहीत. राहिले रदरफोर्ड, आणि १९४२ मध्ये वारलेही तिथेच. आपण गाढवपणा केला असं ते खासगीत म्हणाले होते, हे त्यांच्याच मासिकाने छापलं. कधी? १९८४ मध्ये.

मग १९७५. आदामापासून ६००० वर्षं त्या साली पूर्ण होतात असं १९६६ पासून छापलं जात होतं. मे १९७४ च्या अंतर्गत पत्रिकेत, जे बंधू घरंदारं विकून उरलेले दिवस प्रचाराला देत आहेत त्यांचं कौतुक आहे. जुलै १९७६ ला टेहळणी बुरूज या त्यांच्या मासिकाने सांगितलं की कोणी निराश झाला असेल तर त्याने आपला दृष्टिकोन सुधारावा, देवाचं वचन चुकलेलं नाही, त्याची स्वतःची समजूत चुकली. लोकांच्या आशा वाढवण्यात छापणाऱ्यांचाही हात होता, हे यायला मार्च १९८० उजाडावं लागलं.

आता माझा मुद्दा. त्याच १९८० सालात दोन माणसांचं काय झालं पाहा. रेमंड फ्रान्झ साक्षीदारांच्या नियमन मंडळात नऊ वर्षं होते. कालगणनेबद्दल शंका येऊ लागल्यावर मे १९८० मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि १९८१ मध्ये बहिष्कृत केलं. कारण काय, तर पंथ सोडलेल्या एका माणसाबरोबर, जो त्यांना काम देणारा होता, हॉटेलात जेवले. तिकडे अ‍ॅडव्हेंटिस्टांचे ऑस्ट्रेलियन पंडित डेस्मंड फोर्ड यांनी १८४४ च्या स्पष्टीकरणाला शास्त्राधार नाही असं ९९१ पानांत मांडलं. ऑगस्ट १९८० मध्ये कोलोरॅडोत शंभरावर पंडित आणि पदाधिकारी जमले, चर्चा झाली, फोर्ड यांची पाळकीची सनद गेली.

तारीख देणाऱ्या एकाचंही पद गेलेलं मला या दोन्ही पंथांत सापडत नाही. तारखेवर बोट ठेवणाऱ्यांची गेली. आणि पुढे संस्थेने स्वतः ते मत बदललं तरी बोट ठेवणाऱ्याला परत बोलावत नाहीत. १९१४ ची "पिढी" संपण्याआधी शेवट येईल हे साक्षीदारांचं ठाम मत नोव्हेंबर १९९५ मध्ये बदललं. १९९४ मध्ये तेच बोलून बाहेर पडलेल्याचं काय?

तुम्हाला काय वाटतं?

---

टिकलू

जबरी लेख. आजी अष्टग्रहीचं सांगायची. फेब्रुवारी १९६२, आठ ग्रह मकरेत, जग बुडणार म्हणून गावोगाव यज्ञ. शेजारच्यांनी साजूक तूप संपवून टाकलं, म्हणे मागे कशाला ठेवायचं. तेव्हा हे ख्रिस्ती लोकांचंच दुखणं नाही.

---

रानजाई

टिकलू, दुखणं सगळ्यांचं, कबूल. पण अष्टग्रहीला सभासद नव्हते. ६ फेब्रुवारीला कोणी तुमच्या आजीच्या दारात येऊन म्हणालं नाही की तूप संपवलं नसतं तर तुमची श्रद्धा कच्ची. अफवेला जाब विचारता येत नाही. अध्यक्ष, मासिक, रजिस्टर आणि दानपेटी असलेल्या संस्थेला येतो.

---

प्रमेय

गणितवाल्याची हजेरी. हॅरल्ड कॅम्पिंग राहिला की!

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं फॅमिली रेडिओ हे ख्रिस्ती प्रसारणकेंद्र त्याचं, १९५८ पासूनचं. कॅम्पिंग पेशाने सिव्हिल इंजिनिअर. त्याचं गणित असं: ख्रिस्ताचा वधस्तंभ १ एप्रिल ३३ ला. ५ म्हणजे प्रायश्चित्त, १० म्हणजे पूर्णता, १७ म्हणजे स्वर्ग. ५ × १० × १७ = ८५०. त्याचा वर्ग ७,२२,५००. तेवढे दिवस १ एप्रिल ३३ पासून मोजा. मी खरंच मोजले. १९७८ वर्षं गुणिले ३६५.२४२२ म्हणजे ७,२२,४४९, आणि पुढे २१ मेपर्यंत दोन्ही टोकं धरून ५१. बेरीज चोख! २१ मे २०११.

वजाबाकी-गुणाकारात चूक शोधून कॅम्पिंग सापडणार नाही. १७ म्हणजे स्वर्ग हे कोणी ठरवलं, आणि वर्गच का, घन का नाही, असं विचारायला हवं. असे आकडे हाताशी असले की मी तुम्हाला माझ्या लग्नाची तारीखही बायबलातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातून काढून देईन.

वर संध्याकाळी ६ ला, प्रत्येक देशाच्या स्थानिक वेळेप्रमाणे भूकंप सुरू होणार होता. म्हणजे न्यूझीलंडमध्ये ६ वाजून गेले आणि कपातला चहाही हलला नाही, तेव्हाच निकाल लागला. अमेरिकेत लोक त्यानंतरही कितीतरी तास वाट पाहत बसले.

---

अर्धा चहा

प्रमेय, याच माणसाने आधी सप्टेंबर १९९४ दिलं होतं ना? तरी २०११ ला लोकांनी पैसे दिले?

---

प्रमेय

दिले. न्यूयॉर्कच्या वाहतूक खात्यातून निवृत्त झालेल्या एकाने स्वतःची जवळजवळ सगळी बचत, १ लाख ४० हजार डॉलर, जाहिरातींवर घातली. २१ मेला संध्याकाळी तो टाइम्स स्क्वेअरमध्ये उभा होता, भोवती टिंगल करणारी गर्दी.

२३ मेला कॅम्पिंग रेडिओवर आला. म्हणाला, न्याय झाला, पण आध्यात्मिक अर्थाने. खरा शेवट २१ ऑक्टोबरला. पैसे परत करणार का, असं पत्रकारांनी विचारलं. नाही म्हणाला. जूनमध्ये पक्षाघात झाला. ऑक्टोबरही कोरडा गेला. मार्च २०१२ मध्ये मात्र पत्र काढलं: आम्ही चुकलो, तारीख सांगणं हेच पाप होतं, "तो दिवस कोणाला ठाऊक नाही" असं सांगणाऱ्यांचं बरोबर होतं, क्षमा करा. डिसेंबर २०१३ मध्ये ९२ व्या वर्षी गेला.

रानजाईताई, तुमच्या रांगेत मिलरच्या शेजारी याला बसवा. विरोधकाचं बरोबर होतं हे शब्द मी दुसऱ्या कोणाच्या कबुलीत वाचलेले नाहीत.

---

रानजाई

बसवते, थोडी नाराजीनेच. पत्राला दहा महिने लागले आणि पैसे परत गेले नाहीत. पण ते वाक्य त्याने लिहिलं, खरं आहे.

---

वादळवारा

म्हणूनच म्हणतो, हे परदेशी धर्म असेच. तांदळाच्या पिशव्या वाटून

(प्रतिसादाचा उर्वरित भाग अप्रकाशित केला आहे. विषयाला धरून लिहावे. – संपादक)

---

पाळकपुत्र

वादळवाऱ्यांना उत्तर देत नाही. धागाकर्तीला मात्र एक विनंती. सामान्य वाचक "ख्रिस्ती लोक तारखा काढतात" एवढंच घेऊन जाईल. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कुठल्याही जुन्या मंडळीत तारीख काढत नाहीत. मत्तय २४:३६ स्पष्ट आहे: तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. माझे वडील या वचनावर प्रवचन करताना म्हणायचे, जे पुत्राला सांगितलं नाही ते तुला कशाला सांगेल रे?

जबाबदारीचं म्हणाल तर शास्त्रातच नियम आहे. बायबलातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, १८:२२: संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ते घडलं नाही, तर ते वचन परमेश्वराचं नव्हे. त्याला भिऊ नका.

पण दुसरी बाजूही मांडतो. योनाने निनवेत सांगितलं, ४० दिवसांत नगर उलथून पडेल. पडलं नाही. योना खोटा ठरतो का? लोकांनी पश्चात्ताप केला, देवाला दया आली. त्यामुळे प्रत्येक न घडलेलं भाकीत म्हणजे लबाडी, असं शास्त्र म्हणत नाही.

---

रानजाई

विनंती मान्य, आणि तुमच्या वडिलांचं वाक्य मी वापरणार.

योनाचा दाखला प्रत्येक तारीखवाला देतो. पण निनवेत राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट नेसलं होतं असं पुस्तकात लिहिलंय. २१ मे २०११ नंतर ओकलंडमध्ये गोणपाटाचा तुटवडा झाल्याचं कुठे आलं नाही. शिवाय योना भाकीत खरं न ठरल्याबद्दल देवावर रुसून उन्हात बसला. निदान तो "ठरल्याप्रमाणे निनवे अदृश्यपणे बुडाली" असं तरी म्हणाला नाही!

---

पाळकपुत्र

हा हा. हे मी वडिलांना ऐकवतो.

---

खंडाळ्याचा घाट

आठवण. ऐंशी-नव्वदच्या दशकात आमच्याकडे दर महिन्याला दोन बायका टेहळणी बुरूज आणि सावध राहा! घेऊन यायच्या. अत्यंत सभ्य, उन्हातान्हात चालत. आई त्यांना पाणी द्यायची, पुस्तक ठेवून घ्यायची. आत लोणावळ्याचा पत्ता असायचा, जुना खंडाळा रोड, त्यामुळे मला ते आपल्याच गावचं काहीतरी वाटायचं. सावध राहा!च्या आत छोट्या अक्षरात एक मजकूर असायचा, १९१४ च्या घटना पाहिलेली पिढी नाहीशी होण्याआधी नवं जग येईल अशा अर्थाचा. एके वर्षी तो मजकूर बदलला. मला वाटलं छापण्यात राहिलं. आज तुमच्या लेखात नोव्हेंबर १९९५ वाचलं आणि उलगडलं. कुठे खुलासा छापला असेलही, पण दारात आलेल्या त्या बायका त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. नेहमीसारख्या पाणी पिऊन गेल्या.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. राष्ट्रगीत सुरू असताना उभं राहून पण न गाणाऱ्या केरळच्या तीन मुलांचा खटला, बिजो इमॅन्युएल, १९८६, तो याच पंथाच्या मुलांचा. सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर बोलताना आजही तो काढतात.

---

अर्धा चहा

म्हणजे सरकारपुढे सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य मागायचं आणि ते मिळवलेल्या पंथात फ्रान्झसारख्याने ते वापरलं की जेवायला कोणाबरोबर बसला याची चौकशी. मजाच आहे.

---

वकीलीण

जबाबदारी म्हणताय तर कायद्याचं बघा. नेत्याला तारखेच्या आधीच आत टाकल्याचं एक उदाहरण दक्षिण कोरियातलं आहे. ली जांग-रिम, सोलचं दामी मिशन. २८ ऑक्टोबर १९९२ च्या मध्यरात्री उचलले जाणार. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली. सप्टेंबरमध्येच लीला फसवणुकीखाली अटक झाली. पुरावा काय सापडला असेल? अनुयायांच्या पैशातून त्याने असे रोखे घेतले होते ज्यांची मुदत जगबुडीच्या तारखेनंतर संपणार होती! डिसेंबरमध्ये २ वर्षांची शिक्षा झाली.

पण हे कलम कॅम्पिंगला लागत नाही. फसवणूक म्हटली की बोलणाऱ्याला आपलं खोटं आहे हे ठाऊक असावं लागतं. कॅम्पिंगने संस्थेचेच पैसे जाहिरातफलकांवर उधळले, नंतर मोठमोठी स्टेशनं विकायची पाळी आली. त्याचा विश्वास खरा होता. मिलरचाही. कोर्टात ली सापडतो कारण तो लबाड होता. प्रामाणिक माणूस दहापट लोकांना रस्त्यावर आणूनही सुटतो. आणि तो सुटलाच पाहिजे, नाहीतर उद्या कोणाचंही प्रवचन पोलीस तपासायला लागतील.

---

प्रमेय

+१. म्हणून प्रश्न शिक्षेचा कमी आणि हिशेबाचा जास्त. मिलरचा प्रकाशक जोशुआ हाइम्स होता. सगळी वर्तमानपत्रं त्याला लुटारू म्हणत होती. पण २२ ऑक्टोबरनंतर ज्यांची पिकं गेली, ज्यांच्याकडे हिवाळ्याला काही उरलं नाही, त्यांना मदत करा असं त्याने आपल्याच लोकांना आवाहन केलं. एवढं साधं काम १९७५ नंतर कोणी केलं?

अवांतर: अ‍ॅडव्हेंटिस्ट परंपरेत न्यू हॅम्पशायरच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतात. त्याने बटाटे जमिनीतच ठेवले. शेजाऱ्यांनी लवकर काढलेले रोगाने सडले, याचे उशिरा काढल्यामुळे वाचले आणि चढ्या भावाने गेले. ज्यांचे सडले त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही हेही आलंच.

---

नदीकाठचा

इथे कोणी मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगरचं नाव कसं घेतलं नाही? २१ डिसेंबर १९५४, शिकागोजवळचा गट, महापूर येणार आणि उडत्या तबकड्या वाचवणार. तो आणि त्याचे सहकारी निरीक्षक म्हणून त्यात सामील होऊन बसले. भाकीत फसल्यावर लोक उलट जास्त जोमाने प्रचार करतात, असा निष्कर्ष. त्यामुळे नेत्याला दोष देऊन काय उपयोग, लोकांनाच तसं हवं असतं.

---

वकीलीण

नदीकाठचा, तो गट मूठभर लोकांचा आणि त्यातले बरेचसे निरीक्षकच! त्यावरून सगळ्या जगाचा नियम काढू नये. रानजाईंनी वर आकडे दिलेत: १९२५ ला ९० हजार, १९२८ ला १७ हजार. लोक गेले. मुकाट गेले. "लोकांनाच हवं असतं" हे मागे उरलेल्यांकडे पाहून म्हणतो आपण.

---

मुळाकाठ

आफ्रिकेबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. लिहिताना बरं वाटत नाही.

युगांडातलं कनुंगु. दहा आज्ञांच्या पुनःस्थापनेची चळवळ, जोसेफ किब्वेतेरे आणि क्रेडोनिया म्वेरिंडे नेते. लोकांनी जमीनजुमला विकून पैसे संस्थेत दिले. ३१ डिसेंबर १९९९ ला जग संपायचं होतं. संपलं नाही. जानेवारीत काही लोक पैसे परत मागू लागले. नवी तारीख निघाली, १७ मार्च २०००. त्या दिवशी दारं-खिडक्या बंद केलेल्या प्रार्थनाघरात आग लागली, शेकडो माणसं मेली. पुढच्या दिवसांत संस्थेच्या इतर घरांच्या जमिनीखाली आणखी प्रेतं सापडली, ती आगीच्या आधीची. नेते मेले की पळाले याचा अजून पत्ता नाही.

केनियातलं शाकाहोलाचं जंगल, एप्रिल २०२३. पॉल मॅकेन्झी या पास्टरच्या अनुयायांनी येशूला भेटायचं म्हणून उपास करून प्राण सोडले. ४०० हून जास्त मृतदेह उकरून काढले, कितीतरी मुलांचे. मॅकेन्झीने आरोप नाकारलेत, खटला चालू.

कनुंगुत सगळ्यात आधी कोण संपलं असेल? माझा अंदाज, जानेवारीत पैसे परत मागणारे. रानजाई म्हणते ते "बाहेर काढणं" तिथे शेवटच्या टोकाला गेलं.

---

टिकलू

बाप रे. यानंतर तुपाचं काही लिहवत नाही.

---

अर्धा चहा

रानजाई, "पोटात कालवतं, का ते पुढे कधीतरी" असं लिहिलं होतंस. चाळीसेक प्रतिसाद झाले, अर्धे संपादकांनी उडवले. आता सांग.

---

रानजाई

सांगते. गटाचं नाव, माणसाचं नाव विचारू नका.

१९९९. मी आठवीत. मंडळीतून फुटून निघालेला पंधरा-वीस घरांचा प्रार्थना गट होता, आमच्या ओट्यावर जमायचा. त्याचे ब्रदर तिशीतले, पेटी छान वाजवायचे. त्यांनी दिवाळीच्या सुमारास सांगितलं की ३१ डिसेंबरच्या रात्री प्रभू येणार, त्याआधी तीन दिवस अंधार पडणार. प्रत्येक घराने तांदूळ, रॉकेल आणि मेणबत्त्या भराव्यात, गटातल्या गरिबांसाठीही भराव्यात. बाबांनी पतपेढीतून कर्ज उचलून चार कट्टे तांदूळ आणला. पण ओट्यावर सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारला: "ब्रदर, प्रभू येणार तर तांदूळ कशाला?"

खरंच न समजून विचारला होता. बाबांना टोमणे मारता येत नाहीत.

ब्रदर म्हणाले, तुमच्यात थोमाचा, येशूच्या त्या शंकेखोर शिष्याचा, आत्मा शिरलाय. पुढच्या शनिवारपासून बाबांनी ओट्यावर बसायचं नाही असं ठरलं. ओटा आमचा. बाबा आतल्या खोलीत बसायचे, बाहेर आम्ही गाणी म्हणायचो. कोणी त्यांना "जय ख्रिस्त" म्हणत नव्हतं. माझी चुलत आजीसुद्धा.

३१ ला संध्याकाळी बाबा शेजारी गेले होते. साडेसहाला त्यांनी टीव्हीवर सिडनीची आतषबाजी पाहिली. तिथे बारा वाजून गेले होते. घरी आले, चहा प्यायले, कोणाला काही बोलले नाहीत. आम्ही बारापर्यंत ओट्यावर गुडघे टेकून, मेणबत्त्या लावून. प्रमेयने न्यूझीलंडचं लिहिलं तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवून दिला होता.

---

अर्धा चहा

मग? ब्रदर काय म्हणाले?

---

रानजाई

आपल्या प्रार्थनेमुळे मुदत वाढली. पुढच्या शनिवारी दशांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देण्यावर, बोलले.

---

पाळकपुत्र

ताई, तुमच्या वडिलांना परत घेतलं का?

---

रानजाई

फेब्रुवारीत चुलत आजी वारली. दफनाला गटातले लोक लागणार, खांदा द्यायला माणसं लागणार. आदल्या रात्री बाबा ओट्यावर गेले, उभे राहिले आणि सगळ्यांची माफी मागितली. मी शंका घेतली म्हणाले. ब्रदरनी डोक्यावर हात ठेवून क्षमा केली. दोन-तीन वर्षांनी ब्रदर दुसऱ्या जिल्ह्यात गेले, गट विरला, आम्ही जुन्या मंडळीत परत आलो.

बाबा आहेत अजून. हा धागा त्यांना वाचून दाखवला. कॅम्पिंगच्या पत्रापाशी म्हणाले, परत वाच.

---

खंडाळ्याचा घाट

आणि त्या चार कट्ट्यांचं काय केलंत?

---

रानजाई

एक वाटला. बाकीचा जूनपर्यंत खाल्ला, पतपेढीचे हप्ते त्याच्याही पुढे चालू होते. मार्चपासून टोके व्हायला लागले. आई रोज दुपारी सूप घेऊन निवडत बसायची, त्याच ओट्यावर. बोरिक पावडर लावलीच नव्हती ना. तीन दिवसांपुरता तर हवा होता.